धक्का कुठे अडतो?

ऊसतोडीला निघायच्या दिवसांत वडवणी तालुक्यात रात्री ट्रॅक्टर कुठे उभे असतात, हे कधी नीट पाहिलंय का? ज्याची बॅटरी धड आहे तो कुठेही उभा असतो. दारात, लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला. पण ज्याची बॅटरी म्हातारी झालीय त्याची जागा ठरलेली. उतारावर, तोंड खाली करून, चाकाला मोठा दगड लावून. बीड-परळी रस्त्यावरचा हा तालुका बालाघाटच्या डोंगरांना लागून आहे, त्यामुळे उतार शोधायला लांब जावं लागत नाही.

सकाळी ड्रायव्हर क्लच दाबून गिअर टाकतो. कुणीतरी दगड काढतं. ट्रॅक्टर आपल्याच वजनानं घरंगळायला लागतो, जरा वेग आला की ड्रायव्हर क्लच सोडतो. एक दणका बसतो, धुराड्यातून काळा धूर येतो आणि इंजिन धडधडायला लागतं. सेल्फ मारलाच नाही!

आता असं समजा, त्याच गल्लीत दिवाळीसाठी पुण्याहून काकांची गाडी आलीय. ऑटोमॅटिक. म्हणजे पायाशी क्लच नाही, हातानं गिअर बदलायचे नाहीत. रात्री पोरं गाडीत खेळली आणि आतला छोटा दिवा चालूच राहिला. गाडी तशीच तीन-चार दिवस उभी. निघायच्या दिवशी काकांनी बटण दाबलं, तर बोनेटखालून नुसतं टक-टक-टक-टक.

गल्लीतले आबा म्हणतात, “बॅटरी उतरली वाटतं. लागा रे चौघंजण पाठीमागून, ढकला!”

काका म्हणतात, “आबा, ऑटोमॅटिक आहे. धक्क्यानं नाही चालू व्हायची.”

“का बरं? इंजिन नाही व्हय हिला?”

आबांचा प्रश्न अगदी बिनतोड आहे. इंजिन दोघांनाही आहे, चाकं दोघांनाही आहेत. मग ट्रॅक्टरला लागू पडलेला धक्का गाडीत कुठे अडतो? हे शोधायला चाकापासून इंजिनापर्यंत जावं लागेल. पण त्याआधी एक मूळ प्रश्न: इंजिनाला मुळात धक्का लागतोच कशाला?

इंजिन इंधन जाळून फिरतं. पण इंधन जाळायचं तर आधी हवा आत ओढावी लागते आणि ती जोरानं दाबावी लागते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. हे ओढणं आणि दाबणं कोण करतं? इंजिनच, फिरता फिरता. म्हणजे फिरण्यासाठी जळायला हवं आणि जळण्यासाठी फिरायला हवं! हा पेच सोडवायला पहिले दोन-चार फेरे बाहेरून कुणीतरी फिरवून द्यावे लागतात.

पूर्वी हे काम हँडल करायचं. शेतातल्या विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन कुणी चालू करताना तुम्ही पाहिलं असेल, तर त्यातली एक गंमत सांगतो. वर एक छोटा खटका असतो. तो उचलला की इंजिनातली हवा दाबली न जाता निसटून जाते, म्हणून हँडल हलकं फिरतं. माणूस जोरजोरात हँडल मारून ते जड चाक गरगर फिरवतो आणि मग खटका सोडतो. चाकात साठलेला जोर हवा दाबतो आणि इंजिन पेट घेतं. बॅटरी नाही, वायर नाही. मला हे यंत्र फार आवडतं, कारण त्यात काहीच लपलेलं नाही.

मोटारगाडीचं हँडल मात्र धोक्याचं होतं. इंजिन उलटा झटका द्यायचं आणि फिरवणाऱ्याचं मनगट मोडायचं. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेली विजेवरची स्टार्टर मोटर आली आणि हँडलची सुट्टी झाली. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात, तोच हा.

आणि सुरू होण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागणं ही काही फक्त छोट्या इंजिनांची गोष्ट नाही. वडवणीहून परळीला गेलात की औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी दिसतात. 2013 च्या दुष्काळात तिथे पाणीच उरलं नाही, म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. असं वीज बनवणारं केंद्र पुन्हा सुरू करायचं असेल तर काय लागतं माहीत आहे? वीज! कोळसा दळायला, हवा फुंकायला, बॉयलरमध्ये पाणी ढकलायला मोठमोठ्या मोटरी चालवाव्या लागतात आणि त्यांना सुरुवातीला बाहेरून, तारांमधून वीज घ्यावी लागते.

आता हे पहिले फेरे फिरवायला किती ऊर्जा लागते, याचा थोडा हिशेब करू. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. एक किलो साखरेची पिशवी दहा सेंटिमीटर उचललीत की साधारण एक ज्यूल खर्ची पडला. लहान गाडीची सेल्फची मोटर सुमारे एक किलोवॉटची असते, म्हणजे सेकंदाला हजार ज्यूल. दोन-तीन सेकंदांत इंजिन चालू होतं. दोन-तीन हजार ज्यूलमध्ये काम फत्ते.

चौघांनी ढकललेली गाडी? ड्रायव्हर धरून तिचं वजन हजार किलो माना आणि ती ताशी नऊ किलोमीटरनं पळतेय असं समजा. हिशेब केला तर तिच्यात सुमारे 3100 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. सेल्फला लागते जवळजवळ तितकीच! दणकट माणूस थोडा वेळ अडीचशे वॉटनं जोर लावू शकतो, चौघांचे झाले हजार. म्हणजे दम लागलेले ते चार दादा मिळून बरोब्बर एका सेल्फचं काम करत असतात.

आणि आपला उतारावरचा ट्रॅक्टर? त्याचं वजन दोन हजार किलो धरा. तो उतारावरून सरकत सरकत उंचीनं फक्त एक मीटर खाली आला, तरी सुमारे 20,000 ज्यूल मोकळे होतात. थोडे टायर आणि मातीच्या घासण्यात जातात, पण उरतात तेही पुष्कळ. रात्री ट्रॅक्टर चढावर नेऊन ठेवणारा माणूस उद्याच्या सकाळसाठी ऊर्जा साठवून ठेवत असतो. बॅटरीत नाही, उंचीत. त्यानं हा हिशेब कागदावर कधीच मांडलेला नसेल, पण तो चुकत नाही.

ऊर्जा तर गाडी ढकलण्यातूनही पुरेशी मिळते. मग अडतंय कुठे?

चाकापासून निघू या. ट्रॅक्टरमध्ये किंवा साध्या गिअरच्या गाडीत चाक फिरलं की दांडा फिरतो, दांड्यानं गिअरचे दाते फिरतात, आणि गिअरबॉक्स व इंजिन यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. क्लच सोडला की ही प्लेट इंजिनाला घट्ट चिकटते. आता चाकापासून इंजिनापर्यंत सगळं लोखंडाला लोखंड भिडलेलं. चाक फिरलं की इंजिनाला फिरावंच लागतं, त्याची इच्छा असो वा नसो.

ऑटोमॅटिक गाडीत त्या क्लचच्या जागी तेल असतं. हो, तेल! हे समजायला घरात एक प्रयोग करता येतो, पण मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि पंख्यांच्या जाळ्या काढू नका. दोन टेबल फॅन समोरासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवा. एकाचाच प्लग लावा, दुसऱ्याचा काढून बाजूला ठेवा. पहिला पंखा जोरात चालू करा. बघता बघता दुसराही फिरायला लागतो! त्याला वीज नाही, दोघांना जोडणारा दांडा नाही. मधल्या हवेनंच जोर पोचवला. आता पहिल्या पंख्याचा वेग अगदी कमी करा. दुसरा रेंगाळतो, कदाचित थांबतोच. कमी वेगाच्या वाऱ्यात त्याला फिरवण्याइतका जोर नसतो.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक बंद गोल डबा असतो. त्यात अशीच पाती असलेली दोन चक्रं समोरासमोर बसवलेली असतात आणि मधे हवेऐवजी तेल भरलेलं असतं. एक चक्र इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. दोघांच्या मधे तिसरं छोटं चक्रही असतं, ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतं. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची. 1905 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेही गाडीसाठी नव्हे, जहाजासाठी! जहाजाचं टर्बाइन आणि पाण्यातला पंखा यांना जोडायला त्यांना काहीतरी हवं होतं. मोटारगाडीत ती यायला आणखी काही दशकं जावी लागली.

तर आपले चार दादा गाडी ढकलतायत ताशी आठ-नऊ किलोमीटरनं. तेवढ्या वेगात गिअरबॉक्सकडचं चक्र तेलाला हलकंसं हलवेल, इंजिनाकडचं चक्र ढिम्म राहील. पंख्याचा वेग कमी केल्यावर झालं तेच.

पण खरं सांगायचं तर धक्का या तेलापर्यंतसुद्धा पोचत नाही. तो त्याच्याही आधी अडतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत गिअर बदलायला माणसाचा हात नसतो, म्हणून तिथे छोट्या छोट्या क्लचची रास असते. कोणता गिअर लागणार हे त्यातले कोणते क्लच घट्ट दाबले गेलेत यावर ठरतं. हे दाबायचं काम करतं पुन्हा तेलच, पण जोराच्या दाबाखालचं. तो दाब तयार करतो एक पंप. आणि तो पंप फिरवतं कोण?

इंजिन!

इंजिन बंद, म्हणून पंप बंद. पंप बंद, म्हणून दाब नाही. दाब नाही, म्हणून सगळे क्लच सुटे. सगळे क्लच सुटे, म्हणून गिअरची दांडी ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, असली तरी चाकांचा इंजिनाशी काही संबंधच नाही. तुम्ही गाडी गावभर ढकला, इंजिनाला पत्ता लागणार नाही. आबा, धक्का अडतो तो इथे.

जुन्या काळी यावर उपाय काढलेला होता, हेही सांगायला हवं. 1960 च्या दशकापर्यंतच्या काही अमेरिकी ऑटोमॅटिक गाड्यांत मागच्या बाजूला दुसरा पंप असायचा आणि तो चाकांच्या बाजूनं फिरायचा. त्या गाड्या धक्क्यानं चालू होत, पण चांगला वेग द्यावा लागे, माणसांनी ढकलून भागत नसे. पुढे बॅटऱ्या भरवशाच्या झाल्या आणि तो जास्तीचा पंप कंपन्यांनी काढून टाकला. मला तो निर्णय पटतो, पण थोडी हळहळही वाटते.

आपल्याकडच्या लहान गाड्यांत आणखी एक प्रकार खूप दिसतो, एएमटी. त्यात क्लच साधाच असतो, फक्त तो दाबायला-सोडायला पायाऐवजी यंत्र असतं. मग तिला तरी धक्का चालेल? नाही. ते यंत्र आणि त्याला हुकूम देणारा संगणक, दोघंही विजेवर चालतात.

आता त्या टक-टककडे वळू. हा आवाज मला फार बोलका वाटतो. किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं की आधी एक विद्युतचुंबक जागा होतो. तो एक छोटं दातेरी चाक पुढे ढकलतो, ते इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकतं आणि त्याच क्षणी सेल्फच्या मोटरीला वीज मिळते. चुंबक खेचताना होतो ‘टक्’. मोटर एकदम दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह मागते. थकलेल्या बॅटरीला तो झेपत नाही, तिचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. इतकं की चुंबकालाही धरून ठेवायला वीज पुरत नाही. तो सुटतो. सुटल्यावर मोटर बंद पडते, ओझं गेलं म्हणून व्होल्टेज पुन्हा वर चढतं, चुंबक पुन्हा खेचतो. टक्. पुन्हा सुटतो. टक्. सेकंदात कितीतरी वेळा. त्या वेळी पुढचे दिवे लावलेले असतील तर तेही मंद होताना दिसतील.

आणि हे सगळं एका छोट्या दिव्यामुळे? हिशेब बघा. आतला दिवा पाच वॉटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे प्रवाह साधारण 0.4 अँपिअर. लहान गाडीच्या बॅटरीवर 35 एएच असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे 35 अँपिअर एक तास, किंवा एक अँपिअर 35 तास. 35 ला 0.4 नं भागा. सुमारे 87 तास, साडेतीन दिवस. पोरांचा दिवा आणि काकांचा मुक्काम बरोबर जुळला!

यात एक नवल लपलंय. दोन सेकंदांच्या सेल्फला दीडशे अँपिअर लागतात खरे, पण फक्त दोन सेकंद. तेवढ्या विजेवर तो छोटा दिवा किती वेळ चालेल? जेमतेम बारा मिनिटं. म्हणजे सेल्फ फार वीज खात नाही, तो ती एकदम मागतो. उतरलेल्या बॅटरीत काकांची गाडी चालू करण्यापुरती वीज बहुतेक वेळा शिल्लकही असते, पण ती इतक्या घाईनं बाहेर येऊ शकत नाही.

का येऊ शकत नाही, याचं उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये ही बॅटरी बनवली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. आत सहा कप्पे, प्रत्येक कप्पा सुमारे 2.1 व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, भोवती पातळ केलेलं गंधकाम्ल. वीज काढत गेलं की दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा थर चढत जातो आणि आम्ल पाणचट होत जातं. थर जितका जाड, तितकी आतल्या क्रियेला जागा कमी आणि वाट अवघड. उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली तर हा थर कडक होऊन बसतो आणि चार्जिंगला लावूनही पूर्ण जात नाही. बॅटरीचं आयुष्य मराठवाड्यातला उन्हाळाही कमी करतो. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, पट्ट्या लवकर झिजतात. मात्र त्याची खूण बऱ्याचदा दिसते ती पहिल्या थंडीत, कारण थंडीत आतली क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यात झिजलेल्या बॅटरीला सेल्फ झेपत नाही.

आता आबा दुसरा उपाय सुचवणार, हे नक्की. “मग ट्रॅक्टरला दोर बांधा आन् न्या ओढत गॅरेजला!”

तेही नको. कारण पुन्हा तोच पंप. चाकं जमिनीवर फिरत राहिली की गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, पण पंप बंद असल्यानं त्यांना तेल मिळत नाही. कोरडे घासून ते खराब होतात. म्हणून अशी गाडी लांब न्यायची तर जी चाकं इंजिनानं फिरतात ती उचलून धरावी लागतात, नाहीतर अख्खी गाडीच ट्रकवर चढवावी लागते.

शिवाय गाडी जागची हलवणंही सोपं नसतं. ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर, ठेवलेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या आत एक पोलादी खटका दात्यांत अडकलेला असतो. ‘पी’मधून दांडी बाहेर काढायला बऱ्याच गाड्यांत वीज लागते. वीज नसली तर? दांडीशेजारी नखाएवढं झाकण असतं, ते उघडून आत बोथट काहीतरी दाबलं की दांडी सुटते. हे करण्याआधी हँडब्रेक ओढलेला हवा आणि चाकाला दगड हवा, कारण आपल्याकडे उतार सगळीकडेच आहेत.

मग ट्रॅक्टरचा काहीच उपयोग नाही? आहे की! बहुतेक ट्रॅक्टरची बॅटरीही 12 व्होल्टचीच असते आणि चांगली दणकट असते. ट्रॅक्टर गाडीला चालू करू शकतो, फक्त दोराऐवजी दोन जाड वायरी लागतात, एक लाल आणि एक काळी. ट्रकची बॅटरी मात्र आधी तपासून घ्यावी. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात आणि ते गाडीतल्या संगणकाला जाळू शकतात.

वायरी जोडणं मोठ्यांचं काम, पण क्रम तुम्ही पाठ करून ठेवा, कारण घाईत मोठेही विसरतात. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या उण्याला नाही, तर बॅटरीपासून लांब इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला. असं का? शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि तो भडकणारा. म्हणून ठिणगी बॅटरीपासून दूर उडालेली बरी. लोखंड चालतं, कारण बॅटरीची उणी बाजू आधीच गाडीच्या सगळ्या सांगाड्याला जोडलेली असते.

पाचेक मिनिटं थांबून काकांनी बटण दाबलं की गाडी चालू. इंजिन फिरायला लागलं की त्यावरचा अल्टरनेटर सुमारे 14 व्होल्टनं बॅटरीत वीज भरायला घेतो. मात्र चौकापर्यंत जाऊन परत आल्यानं भागत नाही. निदान अर्धा-पाऊण तास गाडी पळवावी, बीडला कुणाकडे फराळाचा डबा पोचवायचा असेल तर याच वेळी पोचवावा.

तुमच्यातला कुणीतरी आता विचारेल, आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, तिला कसली भीती? तिच्यातली मोठी बॅटरी तीस-तीस युनिट वीज साठवते. तरी तिच्यातही ही छोटी 12 व्होल्टची बॅटरी असतेच! दारांची कुलपं, दिवे, संगणक त्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे जाड स्विचसुद्धा हीच बॅटरी ओढते. ती उतरली तर तीस युनिट वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही. पण शेजारची पेट्रोल गाडी चालू करायला इलेक्ट्रिक गाडीकडून वीज उसनी घेऊ नका, असं बऱ्याच कंपन्या बजावतात. तिच्या छोट्या बॅटरीला दीडशे अँपिअर एकदम द्यायची वेळ कधी येतच नाही. त्या गाडीत सेल्फच नसतो.